पॅकिंग नवं, तरी तेल फेकायलीय

आमची जीप महिंद्राची सीजे ५०० डी. डिझेल, २३५० सीसी. हे इंजिन मूळचं इंटरनॅशनलच्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातलं, त्यामुळे बीड जिल्ह्यात तिचं दुखणं कळणारा माणूस शोधत फिरावं लागत नाही. ज्यानं आयुष्यात कधी इंटरनॅशनलचा ट्रॅक्टर खोललाय, त्याला ही जीप परकी नाही. आमचं रान धारूरच्या डोंगरात, सीताफळाची बाग आहे. वाट अर्धी ओढ्यातून जाते, अर्धी मुरमाच्या चढावरून. पावसाळ्यात तिथं साधी गाडी नेली की मागची चाकं जागेवर गरगरत बसतात, म्हणून फोर-व्हील लागते. हौस म्हणून ठेवलेली नाही, असं मी घरी सांगतो.

उन्हाळ्यापासून तिचं एक लफडं सुरू झालं होतं. धारूरचा घाट चढताना जळक्या तेलाचा वास यायचा, आणि वर पोचून उभी केली की बॉनेटच्या फटीतून निळसर धूर. बॉनेट उघडलं तर टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या हेडवर बसणाऱ्या पत्र्याच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यातून तेल निघून हेडच्या अंगावरून ओघळत एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे जळका धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळीवर गेलेलं. तेल जातं त्याचं फार वाटत नाही, आठवड्याला जरा वर टाकलं की भागतं. पण तेलगावकडं मेव्हण्याचा ऊस आहे, आणि ऊस तुटून गेल्यावर त्या फडात गुडघाभर पाचट पडलेलं असतं. तापलेल्या मॅनिफोल्डवर तेल चुरचुरतंय आणि गाडीच्या पोटाला वाळलेलं पाचट घासतंय, ही जोडी मला नको होती.

एका गॅरेजात पॅकिंग बदलूनही झालं होतं. नवं पॅकिंग, वरून लाल सिलिकॉनचा जाडजूड थर, आणि नट असे आवळलेले की पाना लावल्यावर हाताला झिणझिण्या याव्यात. थोडे दिवस बरे गेले. मग पुन्हा तोच कोपरा, तोच वास. दुसऱ्या एकानं बॉनेटमध्ये नुसतं डोकावून "हाफ इंजिन करावं लागतंय" असं सांगितलं. हाफ इंजिन म्हणजे रिंगा, बेअरिंग, सगळा खर्च. गळती एका कोपऱ्यातून आणि औषध सगळ्या इंजिनाला, हे काही पटेना.

शेवटी चाचांकडं गेलो. चाचा म्हणजे आमच्या भागातले जुने ट्रॅक्टर मिस्त्री. आता स्वतः फारसं खोलत नाहीत, खुर्ची टाकून पोरांना सांगतात. त्यांना म्हटलं, पॅकिंग नवं टाकलंय तरी गाडी तेल फेकायलीय. ते उठलेच नाहीत. म्हणाले, "सर, आधी धुऊन आणा. हे असं बरबटलेलं इंजन बघून मी काय सांगू, तेल कुठून यायलंय ते?"

हे मला आधीच्या दोघांपैकी कुणी सांगितलं नव्हतं. धुणं घरीच केलं. पुतण्याला हाताशी घेतलं. डिझेल आणि जुना ब्रश घेऊन हेड, कव्हर, मॅनिफोल्डच्या खोबणी घासल्या, मग निरम्याचं पाणी. डायनामो आणि स्टार्टरवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या. आमच्याकडची काळी माती तेलात भिजून वाळली की तिचा दगड होतो, ती खरवडूनच काढावी लागते. खालून निघालेला हेडचा मूळ रंग मी पहिल्यांदाच पाहिला.

उन्हात वाळल्यावर चाचांनी सांगितल्याप्रमाणे लेकरांची पावडर घेतली आणि कव्हरच्या सगळ्या जोडावर, इंजेक्टरांच्या आसपास, नटांच्या बुडाशी भुरभुरली. सगळं पांढरं झालं. गाडी चालू करून तिथंच उभी ठेवली आणि बॅटरी मारून बघत बसलो. आधी बराच वेळ काहीच नाही. मग मागच्या कोपऱ्यात, जोडाच्या रेषेवर तिळाएवढा करडा ठिपका उमटला. तो रुंद झाला, पावडर शोषत खाली सरकला आणि त्याची ओली वाट तयार झाली. हे ठरलेलंच होतं. पण पुतण्या म्हणाला, "काका, हितं पण ओलं व्हायलंय." तिसऱ्या इंजेक्टरचं उरलेलं डिझेल टाकीकडं परत नेणाऱ्या रिटर्न पाइपच्या बोल्टपाशी पावडर ओली होत होती.

तिथं बोट लावलं तर पातळ, वास डिझेलचा. दोन बोटांत चोळलं तरी पाण्यासारखं पातळच. तेल बोटांना दाट लागतं, डिझेल तसं लागत नाही. म्हणजे गळत्या दोन होत्या आणि खाली जाऊन एकत्र होत होत्या. डिझेल तेलाला पातळ करून जास्त लांब पसरवत होतं, त्यामुळं गळती होती त्याहून मोठी दिसायची. रिटर्नचं काम सोपं. तांब्याचे वायसर होते, दबून कडक झालेले. नवे वायसर मिळेपर्यंत चाचांच्या पोरानं जुनेच गॅसवर लालभडक तापवून पाण्यात टाकले. तांबं लोखंडासारखं वागत नाही, तापवून विझवलं की ते कडक न होता मऊ पडतं. मऊ वायसर पुन्हा बसतो. तेवढ्यानं ती गळती बंद झाली, आणि नवे वायसर अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात तसेच पडून आहेत.

आता राहिलं टॅपेट कव्हर. मला वाटलं चाचा पाना मागतील. त्यांनी ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर सोडायचा डबा, काढायला लावला. ब्रीदरच्या डब्यात तारेची जाळी असते. ती बाहेर काढली तर जाळी दिसतच नव्हती. तेल आणि धूळ मिळून काळा लगदा बसलेला, बोट आत जाईना. तुरीचं खळं, मुरमाची वाट, वर पुढच्या ट्रॅक्टरच्या मागं मागं धूळ खात जाणं, सगळं त्यात साठलेलं.

चाचांचं म्हणणं असं की पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा वायू त्यांच्या कडेनं खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात उतरतोच. तो पुशरॉडच्या, म्हणजे खालून वर रॉकर हलवणाऱ्या दांड्यांच्या भोकांतून वर कव्हरखाली येतो आणि ब्रीदरमधून बाहेर पडतो. ब्रीदर बुजला की त्याला जायला वाट नाही. मग तो दाब जिथं जोड सगळ्यात कच्चा तिथून तेल घेऊन बाहेर येतो, आणि सगळ्यात कच्चा जोड टॅपेट कव्हरचाच. पत्र्याचं झाकण, बुचाचं पॅकिंग. हेडखाली घट्ट आवळलेलं हेड गॅस्केट तो फोडायला जात नाही. "पॅकिंगला काय बोल लावता, त्याच्यावर जोर कोण लावायलंय ते बघा ना."

जाळी रॉकेलमध्ये भिजवली, तीनदा रॉकेल बदलेपर्यंत काळं निघत राहिलं. मग हवेनं फुंकली. परत बसवून इंजिन चालू केलं आणि चाचांनी पहिल्यांदाच खुर्चीवरून उठून तेल टाकायच्या तोंडाचं झाकण काढलं, वर वहीचा कागद आडवा धरला. कागद हलका थरथरत होता. रिंगा गेलेल्या इंजिनात तो उडून जातो आणि तोंडातून चुलीसारखा धूर येतो. "हाफ इंजन कोण म्हणलं?" मी नाव सांगितलं नाही, त्यांनीही पुढं विचारलं नाही.

मग डिपस्टिक काढली. तेल वरच्या खुणेच्या बरंच वर. गळतंय गळतंय म्हणून जो तो वरून ओतत होता. जास्तीचं तेल क्रँकशाफ्ट ढवळतो, फेस होतो, आणि तेही वरच्या बाजूला जास्त उडतं. खालचा बोल्ट सैल करून खुणेपर्यंत आणलं.

एवढं झाल्यावर मी म्हटलं, आता कव्हर नाही खोललं तरी चालेल का? चाचा म्हणाले, चालेल की नाही ते पॅकिंग बघूनच कळेल. दाबानं एकदा तेल बाहेर काढलं की त्या जागी पॅकिंगला चीर पडलेली असते.

खोलायचं काम सकाळी, गार इंजिनावर. एअर क्लिनरचा पाइप बाजूला केला. कव्हर उचलण्याआधी जोडाची सगळी कड पुन्हा ब्रशनं साफ केली, कारण कव्हर सुटताना बाहेरचं खडं आत पडलं तर ते थेट रॉकरवर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पट्ट्यांवर, आणि तिथून पुशरॉडच्या भोकात. नट काढले. कव्हर हलेना. लाल सिलिकॉननं ते हेडला चिकटून बसलेलं. अशा वेळी पेचकस घालून उचकटायचा मोह होतो, आणि तेवढ्यानं पत्र्याची कड वाकते. आम्ही हॅक्सॉचं पातळ पान कडेनं फिरवून सिलिकॉन कापलं, मग लाकडी मोगरीनं बाजूनं हलकं ठोकलं. तासाभरानं ते सुटलं.

आत बघून चाचांचा पोरगा शिट्टी वाजवून गेला. कव्हरच्या आतल्या कडेवरून लाल सिलिकॉनच्या शेवया लोंबत होत्या, काही तुटून रॉकरच्या स्टँडपाशी पडलेल्या. जोडावर थर जाड दिला की जास्तीचा अर्धा बाहेर फुगतो, तो दिसतो. उरलेला अर्धा आत फुगतो, तो दिसत नाही. तो तुटून तेलाच्या परतीच्या भोकातून खाली संपमध्ये, म्हणजे तेलाच्या टाकीत जातो आणि ऑइल पंपाच्या जाळीवर बसतो. जाळी बुजली की तेलाचा दाब पडतो आणि बेअरिंगं जातात. पॅकिंगची गळती थांबवायला टाकलेली वस्तू खरंच हाफ इंजिन करायला लावू शकते. मी तेव्हापासून सिलिकॉनच्या ट्यूबेकडं संशयानंच बघतो. जिथं कंपनीनं सांगितलंय तिथं ती पातळ लावायलाच हवी, पण बुचाच्या पॅकिंगवर लेप देणं ही कामचुकारपणाची रीत आहे.

तुकडे चिमट्यानं एकेक वेचले. पुशरॉडच्या आणि परतीच्या भोकांत सुती कापडाचे बोळे ठासले, बोळे मोजून ठेवले. हेड बिडाचं आहे, त्यामुळं पात्यानं खरवडायला हरकत नव्हती, फक्त पातं आडवं धरायचं, टोक रुतू द्यायचं नाही. शेवटी रॉकेलच्या फडक्यानं पुसून, बोटाचं टोक सगळ्या कडेवरून फिरवलं. डोळ्याला न दिसणारा कण बोटाला लागतो.

खरी गोष्ट निघाली ती कव्हरमध्ये. पुतण्यानं ते घासून लख्ख केलं आणि मी ते घरात नेऊन ओट्याच्या कडप्प्यावर पालथं ठेवलं, कारण अख्ख्या घरात तेवढीच एक सपाट जागा. आईनं काय म्हटलं ते लिहीत नाही. पलीकडून बॅटरीचा उजेड टाकला. मधल्या भागात कड कडप्प्याला घट्ट टेकलेली, आणि दोन्ही टोकांना, मागच्या कोपऱ्यात जास्त, उजेडाची रेघ. पोस्टकार्ड सहज सरकत होतं.

आमच्या कव्हरचे नट कडेला नाहीत, वर मधल्या पाठीवर आहेत, खालून आलेल्या स्टडांवर. नट प्रमाणाबाहेर आवळला की पाठीचा पत्रा खाली दबतो आणि टोकांच्या कडा वर उचलल्या जातात. मग गळती दिसते टोकाला, म्हणून मिस्त्री आणखी आवळतो, आणि टोक आणखी उचलतं. ज्यानं कुणी हाताला झिणझिण्या येईपर्यंत आवळलं होतं, त्यानं गळती कसून कसून वाढवली होती. नटाखालचे रबरी वायसरही चिरडून चिरफाळलेले, त्यांच्या बुडातूनही तेल येत असणार.

पत्रा सरळ करायचं काम चाचांनी स्वतः केलं. आतून लाकडी ठोकळा धरून पाठीचा दबलेला भाग छोट्या हातोडीनं टकटक करत वर आणला, मग कड ठोकळ्यावर ठेवून फिरवत फिरवत सपाट केली. मधूनमधून पालथं घालून उजेड बघायचा. ओटा आता बंद झाला होता, त्यामुळं दुकानातला जाड काचेचा तुकडा घेतला. हे बघताना माझ्या लक्षात आलं की हातोडी ते मारत नव्हते, नुसती सोडत होते. शेवटी चारी बाजूंनी उजेड बंद झाला.

पॅकिंग आणायला माजलगावला ट्रॅक्टर स्पेअरच्या दुकानात गेलो. "बी-२७५ चं टॅपेट कव्हर पॅकिंग" म्हटलं की काउंटरवरचा पोरगा वर न बघता खिळ्यावरून काढून देतो. जीपचं म्हटलं असतं तर मॉडेल, साल, सगळं विचारत बसला असता. दोन प्रकार दाखवले. एक नुसत्या बुचाचं, एक बूच आणि रबर मिळून केलेलं. रबरवालं टिकतं जास्त, फाटत नाही. पण ठोकून सरळ केलेल्या पत्र्याला जाड साधं बूच जास्त सांभाळून घेतं, असं चाचांनी आधीच बजावलं होतं, म्हणून साधंच घेतलं. शंभराच्या आतलं काम.

घरी आणून कव्हरवर लावलं तर कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढं अपुरं. दुकानात खिळ्यावर किती उन्हाळे लटकलं असेल कोण जाणे, बूच वाळून आखडलेलं. ताणलं असतं तर तुटलं असतं. कोमट पाण्यात ठेवलं, मग ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं. संध्याकाळपर्यंत बूच पाणी पिऊन पसरलं आणि भोकं, कोपरे सगळे जागेवर बसले. ही युक्ती जुन्या मिस्त्र्यांना सगळ्यांना माहीत असते, नव्या पोरांना दुकान बदलायची सवय.

कव्हर उघडंच होतं तर टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, नीट करून घेतले. यासाठी इंजिन थोडं थोडं फिरवावं लागतं. टॉप गिअरमध्ये टाकून पुतण्या जीप मागून इंच इंच ढकलत होता आणि "बास" म्हटलं की थांबत होता. फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम १-३-४-२. त्यामुळं चौथ्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर एकाच वेळी हलायला लागले, म्हणजे एक व्हॉल्व्ह मिटतोय आणि दुसरा उघडतोय, की त्या क्षणी पहिल्याचे दोन्ही टॅपेट सैल असतात, ते करायचे. पहिल्याचे हलले की चौथ्याचे. तिसऱ्या आणि दुसऱ्याची तशीच जोडी. फिलर गेजचं, म्हणजे फट मोजायचं पातळ पान मधे घालून स्क्रू फिरवायचा. पान ओढताना जरा अडखळत आलं पाहिजे, पण अडकायला नको. मग लॉकनट, आणि लॉकनट आवळल्यावर पुन्हा पान घालून बघायचं, कारण आवळताना स्क्रू हमखास हलतो. दोन टॅपेट बऱ्यापैकी सैल निघाले. गार असताना येणारी टकटक मी इतकी वर्षं इंजिनाचा स्वभाव समजत आलो होतो.

बोळे मोजून बाहेर काढले. पॅकिंगला कव्हरच्या बाजूनं शेलॅकचा पातळ हात दिला, आणि ते सरकू नये म्हणून शिवायच्या दोऱ्यानं चार ठिकाणी कव्हरला बांधून ठेवलं. शेलॅक चिकट झाल्यावर दोरे कापले. हेडच्या बाजूला चिकटवायचं काही नाही, नुसता ग्रीसचा हात. त्यामुळं पुढच्या वेळी टॅपेटसाठी कव्हर काढलं तर पॅकिंग कव्हरसोबत अख्खं वर येतं, फाटत नाही.

नवे वायसर घालून नट बोटांनी बसवले आणि मी पाना घेतला. मागून आवाज आला, "कायकू इत्ता कसते जी?" मी तर अजून कसलंही नव्हतं, चाचांनी मी पाना कुठं धरलाय तेवढंच पाहिलं होतं. शेवटाला धरला होता. त्यांनी माझा हात पान्याच्या तोंडाजवळ सरकवला. तिथं धरल्यावर माणसाला जोर लावताच येत नाही. एका नटाला जरासं, मग दुसऱ्याला जरासं, असं आळीपाळीनं. कडेनं बघायचं, बूच थोडं दबलेलं दिसलं पाहिजे, बाहेर फुगायला लागलं की जास्त झालं.

पुन्हा पावडर. इंजिन चांगलं तापू दिलं, मग बंद करून पूर्ण गार होऊ दिलं. बूच पहिल्या तापण्यात बसतं, म्हणून गार झाल्यावर नट पुन्हा बघायचे असतात. दोन्ही थोडे थोडे फिरले. त्यानंतर त्यांना हात लावलेला नाही. मग जीप घाटात नेली, पहिल्या गिअरवर, मुद्दाम पाठीमागं रेतीची पोती टाकून. वर जाऊन बॉनेट उघडलं. पावडर पांढरी होती. मॅनिफोल्डवर जुनं साचलेलं तेल जळून संपेपर्यंत वास मात्र आणखी काही फेऱ्या येत राहिला, त्यानं पुतण्या घाबरला होता.

ब्रीदरची जाळी आता दर ऑइल बदलताना रॉकेलमध्ये टाकतो, आणि तुरीची रास झाली की मधेच एकदा जास्तीची. दुकानदार टॅपेट कव्हर पॅकिंगबरोबर ब्रीदरची जाळी विकत नाही, म्हणून बहुतेक तिची आठवण कुणाला राहत नसावी.

जीपखाली अजून एक डाग पडतो, बारीक, बेलहाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाच्या खाली. चाचांनी बोट लावून बघितलं, क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचं तेल अडवणारं सील आहे म्हणाले. त्याला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सीताफळाची तोडणी होऊ द्या, मग बघू, असं ठरलंय.